पुरात लागणाऱ्या वॉकीटॉकीचे निकष कोणी ठरवायचे?

भोस्तेघाट:
कोकणातल्या एका नगरपरिषदेच्या आपत्ती पथकासाठी वॉकीटॉकी घ्यायचे आहेत. निकषांचा मसुदा मित्राने वाचायला दिला. त्यात सेटचं वजन '३१२ ग्रॅमपेक्षा जास्त नसावे'. ३०० नाही, ३२५ नाही, ३१२! नेटवर शोधलं, तर एका कंपनीच्या एका मॉडेलचं वजन बॅटरीसकट ३११ भरलं. म्हणजे ब्रोशर समोर ठेवूनच मसुदा उतरवलाय. सेट पाण्यात पडला तर काय, शेजारच्या खात्याशी बोलता येणार का, यावर मात्र एक ओळ नाही.

हे मनाला लागण्याचं कारण आहे. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा मी मदतीच्या एका बोटीत होतो. बोटीत दोन खात्यांचे दोन सेट, एक डिजिटल, एक जुना अ‍ॅनालॉग. एकाचं दुसऱ्याला ऐकू जाईना. मग पुढे बसलेला आपल्या सेटवर ऐकणार, इंजिनाच्या आवाजावरून ओरडून मागच्याला सांगणार, मागचा ते आपल्या सेटवर पुढे सांगणार. माडीवर अडकलेल्या एका आजींचा पत्ता असा तीन तोंडांतून गेला आणि आम्ही गल्ली चुकलो. आजी सुखरूप निघाल्या, पण पाऊण तास उशिरा.

केंद्राच्या २०१७च्या वित्तीय नियमांत नियम १४४ आहे. खरेदीचं वर्णन वस्तुनिष्ठ, कामावर आधारलेलं, मोजता येईल असं हवं आणि शक्यतो त्यात ब्रँडचं नाव नको. इथे नाव घातलं नाही, नुसतं वजन घातलं. माझं म्हणणं एवढंच, की सेटने काय करून दाखवायचं ते लिहा. तो कसा दिसतो ते नको.

बिनतारी_निवृत्त:
तीस वर्षं वायरलेसमध्ये काढली, म्हणून स्पष्ट लिहितो. तुमच्या बोटीतला दोष सेटचा नव्हताच. बहुतेक डिजिटल सेट अ‍ॅनालॉगवरही चालतात. बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा, एकच असेल तर दोघांत एक सामायिक चॅनेल भरायचा, काम झालं. तो कोणी भरला नव्हता, कारण फ्रिक्वेन्सी खात्याच्या नावावर असते. दुसऱ्याने ती वापरायची तर परवानगीचा कागद लागतो, आणि तो कागद करायला कोणाला सवड नसते. निकष कितीही गोरेगोमटे लिहा, दोन खात्यांचे साहेब एका टेबलावर बसले नाहीत तर पुन्हा ओरडायचीच पाळी.

दुसरं. 'ब्रँड नको' म्हटलं की सर्वात कमी दरवाला येतो, आणि त्याच्याबरोबर खेळण्यातले सेट. ते पहिल्या पावसाळ्यात सर्दी झाल्यासारखे बोलतात. जिल्ह्यात जे आधीपासून चालतंय तेच घ्या. बॅटरी एक, चार्जर एक, दुरुस्तीवाला एक. ३१२ ग्रॅमची चोरी मलाही दिसते, पण तिच्यावर चिडून चालू गाडीतून उडी मारू नका.

हर्णैबंदर:
आम्ही मच्छीमार, तर आमचं ऐका. बोटीवरचा व्हीएचएफ वायरलेस सेट कुठल्याही कंपनीचा घ्या, चॅनेल १६ म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झच. सगळ्या जगात तोच. कोस्ट गार्डचं जहाज असो की परदेशी मालवाहू, हाक मारली की ऐकतात. समुद्रात जमतं ते जमिनीवर का जमत नाही हे मला आजवर कोणी समजावलेलं नाही.

आणि सेटवरचं ते आयपी ६७, म्हणजे धूळ-पाणी रोखण्याचं मानांकन, बघून खूश होऊ नका. १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, तेही गोड्या पाण्यात. खाऱ्या फवाऱ्याची चाचणी वेगळी असते, ती मागितली तरच करतात. माझ्या मेहुण्याच्या सेटची अँटेना दिवाळीला फिरवून काढली तर आत हिरवा गंज, टूथब्रशने घासला तरी निघेना. कागदावर तो सेट वॉटरप्रूफच होता.

पुरवठादार_कोकण:
मी हेच विकतो, तेव्हा माझा स्वार्थ धरूनच वाचा. मसुद्यात चाचण्या वाढवा म्हणणं सोपं आहे. प्रत्येक चाचणीचा प्रयोगशाळेचा दाखला मागितला की तो फक्त बड्या कंपन्यांकडे तयार असतो. वर उलाढालीची अट. म्हणजे ३१२ ग्रॅम काढून टाकलेत तरी दार त्यांच्यासाठीच उघडं. त्यापेक्षा नमुने मागवा आणि सगळ्यांना एकाच दिवशी मैदानात उतरवा.

भोस्तेघाट:
@बिनतारी, सामायिक चॅनेलचं पटलं, ते मला माहीत नव्हतं. पण मग तेच निकषांत का नको? सेट देतानाच सामायिक अ‍ॅनालॉग चॅनेल भरून द्यायचा, आणि प्रोग्रॅमिंगची केबल व सॉफ्टवेअर खरेदीदाराच्या ताब्यात. आज एक चॅनेल बदलायचा तर पुरवठादाराच्या माणसाची वाट बघावी लागते. ऐन पुरात तो येणार कुठून, परशुराम घाट बंद असताना?

'जे चालतंय तेच घ्या' हे मात्र नाही पटत. डीएमआर हे डिजिटल वॉकीटॉकीचं खुलं मानक आहे, दोन कंपन्यांचे सेट साधं बोलणं एकमेकांशी करतात. पुढे बोलणं बाहेरच्याला कळू नये म्हणून कंपनी स्वतःची खास सांकेतिक सोय देते, जी दुसऱ्या कंपनीच्या सेटला उलगडत नाही, आपण ती आवडीने घेतो आणि तिथेच दावं गळ्यात पडतं.

बिनतारी_निवृत्त:
पोलिसांना सांकेतिक बोलणं लागतंच. ते काय शौक म्हणून घेतात? अग्निशमनाला लागत नसेल, तर तेवढं वेगळं लिहा.

@पुरवठादार, मैदानी चाचणी छान. पण निकालावर सही कोण करणार? 'आवाज बरा आला' यावर ऑडिटवाला तीन वर्षांनी प्रश्न काढतो आणि तेव्हा अधिकारी एकटा असतो. ग्रॅम आणि वॉट लिहितात ते लबाडीनेच असं नाही, भीतीनेही लिहितात. हे तुम्हा मंडळींना बाहेरून दिसत नाही.

हर्णैबंदर:
मग मोजा की. इंजिन चालू ठेवायचं, एकाने किनाऱ्यावरून वीस शब्द वाचायचे, बोटीतल्याने लिहून घ्यायचे. वीसपैकी किती बरोबर, हा आकडाच झाला ना? बोट मी देतो. डिझेल कोण घालणार ते आधी ठरवा.

भोस्तेघाट:
हे मी मसुद्यावर लिहून पाठवतो. बोटीत घ्या आणि घाटाच्या वळणातही घ्या. अ‍ॅनालॉग हळूहळू खरखरत जातो, माणूस दोन पावलं सरकून जागा बदलतो. डिजिटल स्वच्छ बोलता बोलता एकदम गप्प होतो. इंजिनाच्या आवाजात तर त्याचे शब्द चिरडतात. अमेरिकेतल्या अग्निशमनवाल्यांनी २००८च्या सुमारास हीच तक्रार केली होती.

पुरवठादार_कोकण:
डिझेल माझ्याकडून. पण मग माझा सेट पहिला आला की म्हणाल, याने डिझेल घातलं!

बिनतारी_निवृत्त:
डिझेल नगरपरिषदेनेच घालावं, नाहीतर तोही मुद्दा ऑडिटला जाईल. बोटीची चाचणी मला अजून पुरती पटलेली नाही, पण घेणारच असाल तर यादीत एकोणसाठ आणि एकोणसत्तर दोन्ही घाला. खरखरीत घरनंबर तिथेच चुकतात. आम्ही म्हणून पाच-नऊ, सहा-नऊ असंच बोलायचो. चाचणीत मात्र पूर्ण आकडा वाचा, म्हणजे सेटचा कस लागेल.