हॉल नंतर, आधी माणसं

नवीन मंडळी, म्हणजे ख्रिस्ती चर्च, सुरू करू पाहणाऱ्या तुम्हाला कुणीतरी सल्ला दिलाय की आधी हॉल घ्यावा, साउंड सिस्टिम आणावी, मग लोक येतील. मला हे पटत नाही. पहिल्या शतकातल्या मंडळ्या बहुतेक घरांत भरत. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याच्या घरी मंडळी जमायची, तर फिलिप्पै शहरात लुदिया नावाच्या बाईचं घर होतं. येशूचा संदेश सांगत फिरणारा पौल करिंथ शहरात दीड वर्ष राहिला, इफिस शहरात तर दोन वर्षं एका पाठशाळेत रोज शिकवत होता. एवढा वेळ द्यायची तयारी आहे का, हे आधी स्वतःला विचारा.

आमच्या घरगुती उपासनेला एक बाई सलग तीन रविवार आल्या. दाराजवळच्या खुर्चीत बसायच्या, शेवटच्या प्रार्थनेनंतर लगेच निघायच्या. चौथ्या रविवारी आल्या नाहीत, तेव्हा कळलं की आमच्यापैकी कुणीच त्यांचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. तेव्हापासून उपासना संपल्यावर अर्धा तास कुणी खुर्च्या आवरत नाही. बसून बोलायचं. मंडळी वाढली ती त्या अर्ध्या तासात, माझ्या उपदेशाने नव्हे.

पैशाचं म्हणाल तर पहिल्या दिवसापासून दान दोघांनी मिळून मोजावं, खातं मंडळीच्या नावावर असावं, पाळकाच्या (पास्टरच्या) नव्हे.

आणि एकट्याने सगळं ओढू नका. सुरुवातीच्या मंडळीत विधवांना रोज होणाऱ्या अन्नवाटपावरून कुरबुर झाली तेव्हा प्रेषितांनीही, म्हणजे येशूच्या बारा शिष्यांनीही, या कामासाठी मंडळीला सात जण निवडायला सांगितलं होतं. तुमच्याबरोबर आत्ता कोण कोण आहे, ते लिहा ना.