क्लिंकहॅमर १६ नंबरला: पोस्ट कलते, हॅकल सुटतं, पोट बुडत नाही

व्हार्फकाठ

मंडळी, यॉर्कशायरमधल्या व्हार्फ नदीवर लार्ज डार्क ऑलिव्ह नावाच्या मेफ्लायसाठी (पाण्यातून पंख फुटून वर येणारा किडा) इमर्जर बांधतोय, म्हणजे अर्धवट बाहेर आलेल्या किड्यासारखी दिसणारी फ्लाय (गळावर दोरा-पिसांनी बांधलेलं खोटं आमिष). मार्च-एप्रिलमध्ये दुपारी हे मेफ्लाय वर यायला लागले की ट्राउटची फक्त पाठ दिसते आणि पाण्यावर बुडबुडा राहत नाही. म्हणजे मासा पृष्ठभागाच्या लगेच खाली खातोय. म्हणून क्लिंकहॅमर ही इमर्जर फ्लाय निवडली.

साहित्य असं आहे: १६ नंबरचा वाकडा गळ, ७० डेनियर दोरा, पॉलीप्रॉपिलीन यार्नची पोस्ट (पाण्यावर दिसणारा उभा झुबका), ऑलिव्ह डबिंग (दोऱ्यावर पिळून पोट बनवायचे बारीक तंतू), मोरपिसाचे तंतू आणि इंडियन कॉक केपमधलं (कोंबड्याच्या मानेचं) राखाडी हॅकल, म्हणजे पोस्टभोवती गुंडाळायचं पीस. पोस्ट गळाच्या डोळ्याकडे (दोरी ओवायच्या भोकाकडे) झुकते. दोन-तीन मासे लागले की हॅकलचे वेढे पोस्टवरून वर सरकतात. शिवाय फ्लाय पाण्यावर आडवी पडते, पोट खाली जातच नाही. नेमकं कुठे बिघडतंय?

ओलं_डबिंग

पोस्टपासून सुरुवात करू, कारण ती ढिली असेल तर पुढचं काहीच नीट बसत नाही.

१६ नंबरला यार्नचा अख्खा पेड जाड होतो, अर्धाच घ्या. डोळ्यामागे दांडीचा साधारण एक तृतीयांश भाग सोडून यार्न दांडीच्या वर बांधा, मोकळं टोक डोळ्याच्या दिशेने. मागची टोकं एका रेषेत कापू नका. तिथे पायरी तयार होते आणि डबिंग केल्यावरही ती दिसते. तंतू कमी-जास्त लांबीवर तिरपे कापा आणि वाकापर्यंत दोऱ्याने दाबत न्या, म्हणजे पोटाला मागे निमुळता होत जाणारा आकार आपोआप मिळतो.

दोरा परत पुढे आणा, यार्न उभं करा आणि त्याच्या पुढ्यात अगदी चिकटून चार-पाच घट्ट वेढे द्या. पोस्ट डोळ्याकडे झुकते ती हे वेढे कमी पडल्यामुळे. त्यानंतर पोस्टचं टोक डाव्या हाताने ताणून धरून तिच्याभोवतीच दोरा गुंडाळा, दोन मिलिमीटर वर आणि पुन्हा खाली. हा कडक भाग तयार झाला नाही तर हॅकल मऊ यार्नवर बसतं आणि एखाद्या माशाच्या दातानेही सरकतं. बुडाशी व्हार्निशचा एक थेंब सुईच्या टोकाने सोडा.

हॅकलच्या देठाचे बुडाकडचे तंतू काढून देठ पोस्टला समांतर उभा धरा आणि पोस्टसोबतच बांधा. आडवा बांधलात तर पहिलाच वेढा वाकडा पडतो. पोस्टलगतचा पहिला पाव वेढा उघड्या देठाचाच असू द्या, नाहीतर सुरुवातीचे तंतू वेडेवाकडे उभे राहतात.

मग पोटाचं डबिंग. त्यानंतर मोरपिसाचे तंतू पोस्टच्या मागून सुरू करून डोळ्यापर्यंत. मूळ बांधणीत तीन तंतू असतात, पण तो गळ बराच मोठा. १६ ला दोन पुरतात. डोळ्याशी व्हिप फिनिश (शेवटची गाठ) करून दोरा कापून टाका.

आता गळ व्हाइसमध्ये (गळ धरायच्या शिकंज्यात) असा फिरवा की डोळा खाली आणि पोस्ट आडवी येईल. खूप बारीक दोरा नव्याने पोस्टच्या बुडाशी, मोरपिसाच्या लगेच वर लावा. हॅकलचा पहिला वेढा सगळ्यात वर, पुढचा प्रत्येक वेढा आधीच्याच्या खाली. खालून वर जाल तर वेढ्यांना आधारच राहत नाही, तुमचं हॅकल बहुधा यामुळेच सुटतंय. शेवट पोस्टभोवतीच करा, डोळ्यामागे नको. हॅकल ज्या दिशेने फिरवलं त्याच दिशेने शेवटचा दोरा फिरवा, म्हणजे दोरा ओढताना वेढे आवळले जातात. उलटा फिरवला तर उकलतात.

पिसारा_नको

वरची पद्धत बरोबर आहे, पण तुमचं हॅकलही तपासा. इंडियन केप स्वस्त आणि रंगाला सुंदर, सॉफ्ट हॅकलच्या वेट (बुडणाऱ्या) फ्लायसाठी तर छानच. पण तिची पिसं आखूड आणि देठ जाड. १६ नंबरला दोन-तीन वेढे होतात न होतात तोच मऊ, पाणी पिणारा भाग सुरू होतो. जाड देठ बारीक पोस्टभोवती वळताना पिळतो आणि तंतू वर-खाली वाकतात. खास फ्लायसाठी जोपासलेल्या कोंबड्यांचं लांब, पातळ देठाचं सॅडल (पाठीवरचं) हॅकल घ्या. एका पिसात दोन-तीन फ्लाय होतात, त्यामुळे वाटतं तितकं महाग पडत नाही.

तंतूंची लांबी गळाच्या तोंडाच्या (टोक आणि दांडीमधल्या अंतराच्या) दीडपट ते दुप्पट असू द्या. खळखळत्या पाण्यासाठी पाच-सहा वेढे, संथ पाण्यासाठी तीन-चार. जास्त घातले तर फ्लाय उंच तरंगते आणि इमर्जर राहतच नाही.

मोरपिसाबद्दल एक: भारतातून येताना बॅगेत आणू नका. तिथून मोरपिसांच्या निर्यातीवर बंदी आहे. इथल्या दुकानातलं वापरा. मोरपिसावरच्या डोळ्याच्या जवळचे तंतू चांगले दाट असतात, पण मोरपिसाचे तंतू नाजूक असल्यामुळे दातांनी तुटतात. दोन्ही तंतू दोऱ्याबरोबर पिळून गुंडाळले की टिकतात.

ग्रेलिंगप्रेमी

पोट बुडत नाही याचं उत्तर वर कुणी दिलं नाही, आणि या फ्लायचा सगळा जीव तिथेच आहे. नेदरलंड्सच्या हान्स व्हान क्लिंकेन यांनी १९८० च्या दशकात नॉर्वेच्या ग्लोमा नदीवर ही फ्लाय घडवली, तीच पोट पाण्याखाली लटकावं म्हणून. कात टाकणारा मेफ्लाय तसाच अर्धा आत, अर्धा बाहेर असतो. थंड, दमट दिवशी त्याला पंख वाळवायला वेळ लागतो, म्हणून अशाच दिवशी ही फ्लाय सर्वांत जास्त चालते.

डबिंग पाणी झटकणारं असेल आणि सैल, जाड भरलं असेल तर ते हवा धरून ठेवतं. दोऱ्यावर जेमतेम रंग चढेल इतकंच घ्या, किंवा डबिंग सोडून सोललेल्या मोरपिसाची काडी (केस काढलेला तंतू) गुंडाळा आणि वर पातळ यूव्ही रेझिन द्या. असं पोट लगेच पाण्याखाली जातं. पोस्ट दांडीपेक्षा उंच ठेवू नका. उंच पोस्ट वाऱ्यात फ्लायला आडवी पाडते.

फ्लोटंट (तरंगत ठेवणारं जेल) फक्त पोस्ट आणि हॅकलला. बोटाला लागलेलं जेल नकळत पोटाला पुसलं जातं, म्हणून फ्लाय गळाच्या वाकापाशी धरा. पोट थुंकीने ओलं करा. टिपेटचा (फ्लाय बांधायच्या बारीक दोरीचा) शेवटचा अर्धा मीटर मुलतानी माती आणि भांडी घासायच्या लिक्विडच्या लेपाने पुसा, तोही बुडला पाहिजे. घरीच पेल्यात टाकून पाहा: पोस्ट उभी, हॅकल पाण्यावर सपाट, पोट तिरकं खाली.

व्हार्फकाठ

हॅकल मी खालून वरच गुंडाळत होतो. अगदी संथ डोहात हॅकलची छाया जास्त पडेल का? आणि पोस्टचा रंग?

ओलं_डबिंग

संथ डोहात क्लिंकहॅमर बाजूला ठेवा आणि सीडीसी (बदकाच्या शेपटीजवळच्या मऊ पिसांची) शटलकॉक फ्लाय बांधा. तसाच गळ, सोललेल्या काडीचं पोट, डोळ्यामागे सीडीसीची दोन पिसं डोळ्यावरून पुढे झुकलेली, त्यांच्या मागे थोडं डबिंग. सीडीसी कात्रीने सपाट कापू नका, चिमटीत धरून तोडा. तिला जेल अजिबात लावू नका, तंतू चिकटून बसतात. मासा लागल्यावर स्वच्छ पाण्यात धुवा, कापडाने टिपा आणि सिलिका पावडरमध्ये हलवा.

पोस्टचा रंग तुमच्या डोळ्यांसाठी, माशासाठी नाही. झाडाच्या सावलीत नारिंगी. पाणी चकाकत असेल तेव्हा काळी, पांढरी त्या चकाकीत हरवते.