म्हाताऱ्या लॅब्रेडॉरच्या सांध्यांना लेसर: उपाय की खिशाला चाट?

उंबरठा (धागाकर्ता)

खुब्याच्या किंवा कोपराच्या संधिवातावर हल्ली लेसरचं (दुखऱ्या भागावर लेसरचा प्रकाश सोडून वेदना कमी करण्याच्या उपचाराचं) पॅकेज सर्रास सुचवलं जातं. सहा बैठका, पैसे आगाऊ. माझं मत रोखठोक आहे: 30 किलोच्या जागी 38 किलो भरणारा, गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशीवर पाय फाकत चालणारा लॅब्रेडॉर असेल, तर त्याला लेसर देणं म्हणजे गळक्या टाकीला रंग देणं. वजन साधारण 6 टक्के उतरलं की लठ्ठ संधिवाती कुत्र्यांचं लंगडणं मोजता येईल इतकं कमी होतं, हे दिसून आलंय. 38 किलोवर ते जेमतेम सव्वादोन किलो. पोळी-बिस्किटं बंद, खाणं वाटीने नाही तर वजनकाट्यावर मोजून. पंज्यांमधले केस आणि नखं कापा, फरशीवर रबरी मॅट टाका. रक्तात यकृत-मूत्रपिंडाचे आकडे बघून डॉक्टर देतील ते वेदनाशामक सुरू करा. एवढं झाल्याशिवाय लेसरवर रुपया घालवू नये.

आणि "फरक पडला" म्हणणाऱ्यांसाठी: नुसतं प्लासिबो, म्हणजे खोटं औषध दिलेल्या लंगड्या कुत्र्यांत मालकांना सुमारे 40 टक्के वेळा सुधारणा दिसते, आणि डॉक्टरांची नजरही यात फारशी बरी नाही. त्यात आपल्याकडे दुखणं डिसेंबरात वाढतं, कोर्स फेब्रुवारीत संपतो. तोवर थंडीच ओसरलेली असते.

गणिती बोका

वजनाबद्दल शंभर टक्के सहमत. बाकीच्याला विरोध.

2018 मध्ये कोपराच्या संधिवातावर झालेली चाचणी बघा. यादृच्छिक वाटप, खोट्या लेसरचा गट, कोणाला काय मिळतंय हे मालकांना माहीत नाही. लेसर मिळालेल्या 11 पैकी 9 कुत्र्यांचा वेदनाशामकाचा डोस कमी करता आला, खोट्या गटातल्या 9 पैकी एकाचाही नाही. कुत्री थोडी होती, मान्य. पण तुमचा प्लासिबोचा मुद्दा दोन्ही गटांना सारखाच लागू होतो ना?

त्या चाचणीत डोस होता दर चौरस सेंटिमीटरला 10 ते 20 जूल (प्रकाशातून मिळणारी ऊर्जा). खरी मेख इथे आहे. हिशोब साधा: वॅट गुणिले सेकंद म्हणजे जूल. खुब्याभोवतीचा भाग 200 चौ. सेंमी धरला आणि 10 जूलने गुणला तर 2000 जूल लागतात. 8 वॅटच्या यंत्राला 250 सेकंद, म्हणजे चार मिनिटं दहा सेकंद. अर्ध्या वॅटच्या, म्हणजे कमी ताकदीच्या वर्ग 3बी यंत्राला तासाच्या वर. मग "दोन्ही खुबे, कंबर, गुडघे, सगळं दहा मिनिटांत" असं अर्ध्या वॅटच्या यंत्रावर कोणी सांगत असेल, तर कुत्र्याला काय मिळालं हे ज्याचं त्यानं काढावं. लेसर फसत नाही, डोस फसतो.

उंबरठा

डोसवर खापर फोडणं फार सोयीचं आहे हो. निकाल चांगला आला की लेसरमुळे, नाही आला की जूल कमी पडले! मणक्याच्या चकतीचं ऑपरेशन झालेल्या कुत्र्यांचंच घ्या. 2012 च्या अभ्यासात लेसरवाली साडेतीन दिवसांत चालू लागली, बाकीची 14 दिवसांत (दोन्ही मध्यक). पाच वर्षांनी दुसऱ्या गटाने तपासलं, फरक दिसला नाही. जखमांचंही तेच: 2015 मध्ये कुत्र्यांच्या उघड्या जखमांवर लेसर दिलं, भरून येण्याचा वेग तोच राहिला.

गणिती बोका

त्या जखमा निरोगी कुत्र्यांवर मुद्दाम केलेल्या होत्या. त्या तशाही वेळेत भरतात, वेग वाढायला वावच कुठे? चिघळलेल्या जखमेवर तो निकाल जसाच्या तसा लावता येत नाही. मणक्याच्या बाबतीत मात्र तुमचं बरोबर. तिथे मीही लेसरचे पैसे मागणार नाही.

पंजेवाला

दोघंही कागदावर भांडताय, बिघडतं ते टेबलावर. हात कसा चालतो यावर निम्मा खेळ आहे.

केस हा पहिला अडथळा. दाट केसांच्या कुत्र्यात निम्म्याहून जास्त प्रकाश केसांतच अडतो. (गंमत अशी की 1967 मध्ये बुडापेस्टला डॉक्टर एंद्रे मेस्टर यांना लेसरचा परिणाम दिसला तोच उंदरांच्या भादरलेल्या कातडीवर केस लवकर उगवले म्हणून.) भादरायचं नसेल तर केस फाकवून, यंत्राचं काचेच्या गोळ्याचं टोक कातडीला टेकवून हलकं दाबायचं. दाबाने तिथलं रक्त बाजूला होतं आणि प्रकाश खोल जातो. उघड्या जखमेवर मात्र टोक अधांतरी धरायचं, टेकवायचं नाही. आयोडीन, मलम, हळद असलं काही लावलेलं असेल तर आधी पुसून घ्यायचं.

वर्ग 4 च्या (अर्ध्या वॅटहून जास्त ताकदीच्या) यंत्राचं टोक एका जागी थांबलं की चटका बसतो. ते कातडीशी काटकोनात ठेवून सेकंदाला तीन ते सात सेंमी सरकवायचं, आधी आडवं, मग उभं. दुसऱ्या हाताची बोटं टोकाच्या मागोमाग फिरवायची. बोटांना ऊब लागली तर ठीक, गरम लागलं तर वॅट कमी करून वेळ वाढवायचा. काळ्या कुत्र्यात हे हमखास होतं, कारण काळा रंग प्रकाश पृष्ठभागावरच शोषतो. कातडी थरथरली, कुत्र्याने मान वळवून बघितलं, की थांबायचं.

खुब्याला फक्त वरून देऊन भागत नाही. बाहेरून, मागून, मांडीच्या आतून, आणि मधेमधे पाय हळूच पुढेमागे करत. कंबरेचे स्नायूही घ्यायचे, कारण मागचे पाय वाचवताना ताण तिथेच येतो. प्रत्येक कुत्र्यानंतर टोकाची काच स्पिरिटने पुसायची. चिकटलेला केस जळतो, काचेवर काजळी धरते, पडद्यावर 8 वॅट दिसतात आणि बाहेर त्याहून कमी पडतात.

गाठ असेल तिथे, गाभण कुत्रीच्या पोटावर, थायरॉईडवर, वाहत्या रक्तावर आणि पिल्लांच्या हाडांच्या वाढीच्या टोकांवर लेसर नको. म्हाताऱ्या कुत्र्याचा पाय सुजलाय आणि एक्स-रे काढलेला नाही, अशा वेळी तर अजिबात नको. ते हाडाच्या कॅन्सरचंही लक्षण असू शकतं.

माऊची मावशी

मांजरांचा कोणी विचारच करत नाही इथे. मूत्रपिंड थकलेल्या म्हाताऱ्या मांजरीला वेदनाशामक देताना डॉक्टरांचे हात बांधलेले असतात. आणि घरातली क्रोसिन म्हणजे तिच्यासाठी विषच, अर्धी गोळीसुद्धा. तिथे लेसरला किंमत आहे. उंबरठा, तुमची "आधी गोळी, मग लेसर" ही रांग कुत्र्यांपुरती ठेवा.

उंबरठा

मांजरांपुरतं मान्य.

खडूस

मग दवाखान्यात कशाला जायचं? ऑनलाइन घरगुती यंत्रं मिळतात की.

गणिती बोका

जाहिरातीत 808 नॅनोमीटर तरंगलांबीचे चार डायोड, प्रत्येकी 200 मिलिवॅट असं लिहिलेलं असतं. खरं धरलं तरी 0.8 वॅट. वरच्या 2000 जूलला जवळपास 42 मिनिटं, तीही एका खुब्याला. वरवरच्या छोट्या जखमेला दर चौ. सेंमीला 1 ते 5 जूल पुरतात, तिथे चालेल. पण छापलेले वॅट खरे आहेत का, हे पॉवर मीटरशिवाय कळत नाही. लाल पॉइंटरचे 5 मिलिवॅट घेतले तर साडेचार दिवस अखंड धरून बसावं लागेल.

पंजेवाला

आणि 808 नॅनोमीटर डोळ्याला जवळपास दिसत नाही, म्हणून पापणी वेळेवर मिटत नाही. चष्मा त्याच तरंगलांबीचा हवा, साधा गॉगल कामाचा नाही. कुत्र्याच्या डोळ्यांवर जाड कापड, धातूवरून किरण उलटू नयेत म्हणून गळ्यातली साखळी काढलेली, स्टीलच्या टेबलावर चादर. घरात एवढं कोण करतं?

उंबरठा

ठीक, माझा विरोध थोडा सैल करतो. पण आगाऊ पॅकेजला नाहीच. पहिल्या आठवड्यात तीन बैठका, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात एक, आणि तिथे थांबून हिशोब. सुरू करण्याआधी आणि सहाव्या बैठकीनंतर त्याच जिन्यावर, सकाळी त्याच वेळी मोबाईलवर व्हिडिओ काढा. केनाइन ब्रीफ पेन इन्व्हेंटरीचा (कुत्र्याची वेदना मोजण्याच्या प्रश्नावलीचा) तक्ता भरा: वेदनेचे चार प्रश्न, हालचालीचे सहा, 0 ते 10 गुण. तो भरणारा माणूस दोन्ही वेळी एकच असावा, शक्यतो पैसे न भरणारा. या तीन आठवड्यांत गोळी, खाणं, मॅट यांतलं काहीही बदलू नका. आणि दर बैठकीला किती वॅट, किती सेकंद, एकूण किती जूल हे कार्डावर लिहून मागा. लिहून देत नसतील तर दुसरा दवाखाना बघा.

गणिती बोका

जूल लिहून घ्यायला +1. भागाचं क्षेत्रफळही लिहून घ्या, नाहीतर नुसते 2000 जूल वाचून काहीच कळत नाही.