लहानपणी झालेल्या अत्याचाराच्या तक्रारीला मुदत कशासाठी?

मृदुला_कोथरूड:
माझी मैत्रीण 1996 साली अकरा वर्षांची होती, सदाशिव पेठेत गणिताच्या शिकवणीला जायची. वही तपासायच्या निमित्ताने सर खेटून बसायचे, नको तिथे हात लावायचे. तिची लेक अकराची झाली तेव्हा कुठे ती पहिल्यांदा बोलली. वकिलांनी सांगितलं, तेव्हा दंड संहितेच्या कलम 354 ला (विनयभंग) जास्तीत जास्त दोन वर्षं शिक्षा होती आणि अशा गुन्ह्याची तक्रार तीन वर्षांत करायला हवी होती. म्हणजे ती चौदाची झाली तेव्हाच दार बंद! आठवी-नववीतली पोर एकटी पोलीस चौकीची पायरी चढणार होती का?

निवृत्त_मास्तर:
वाचून वाईट वाटलं. तरी विरोध नोंदवतो. तीन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला आजही मुदत नाही, बलात्काराला तर नाहीच. मुदत आहे ती कमी शिक्षेच्या गुन्ह्यांना. पंचवीस वर्षांनी आरोप झाला तर माणसाने बचाव कशाच्या जोरावर करायचा? हजेरीपट रद्दीत गेलेला, शेजारी वारलेले, वाडा पाडून तिथे इमारत उभी. मी हयातभर मुलांना शिकवलंय, म्हणून ही भीती मला खरी वाटते.

वकील_शिवाजीनगर:
मास्तर, 'कमी शिक्षेचा' हे ठरवलं कोणी? 2013 पर्यंत संभोगाखेरीज बाकी अत्याचार बलात्काराच्या व्याख्येतच नव्हते. त्यातले मुलींवरचे बरेचसे 354 मध्ये ढकलले जायचे. 2013 ला शिक्षा पाच वर्षांपर्यंत गेली आणि मुदतीची अट सुटली, पण पुढच्या गुन्ह्यांपुरती. पोक्सोही (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) 14 नोव्हेंबर 2012 पासूनचा, मागच्यांना लागू नाही. न्यायासाठी गरज असेल तर कोर्ट उशीर माफ करू शकतं (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 473, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 519), पण ते सर्वस्वी न्यायाधीशांवर.

निवृत्त_मास्तर:
मान्य. पण निर्दोष सुटायला वर्षं जातात आणि अब्रू गुन्हा नोंदवल्याच्या दिवशीच जाते.

मृदुला_कोथरूड:
ती भीती ताज्या तक्रारीतही असतेच की. जुन्या खटल्यात पुरावा नसला तर संशयाचा फायदा सरांनाच मिळेल, आणि तो मिळावाही. पण तिचं म्हणणं निदान कोणी ऐकून तर घेईल. मुदत ठेवायचीच असेल तर मूल अठराचं झाल्यावर मोजायला लागा, त्याआधीची वर्षं तिच्या खात्यावर कशाला?