नीत्शे हे आडनाव जर्मन म्हणावे की स्लाव्ह?

रुकार (धागाकर्ता):

जर्मन तत्त्वज्ञ फ्रीडरिश नीत्शे (१८४४–१९००) यांचे आडनाव जगभर ठाऊक आहे, पण तसे ते दुर्मीळ नाव आहे; नेमक्या याच स्पेलिंगने ते लिहिणारी घरे खुद्द जर्मनीतही फार थोडी आहेत. रोमन लिपीत त्याला नऊ अक्षरे लागतात आणि मधली टी-झेड-एस-सी-एच ही पाच व्यंजने मिळून उच्चारात आपल्या एका 'च'च्या आसपास काहीतरी उरते. हे नाव सेंट निकोलस, म्हणजे जर्मन निकोलाउस, या नावाचे घरगुती लघुरूप आहे, याबद्दल नामशास्त्रज्ञांत फारसा वाद नाही. वाद आहे तो पुढचा: हे लघुरूप जर्मन की स्लाव्ह, म्हणजे पोलिश, चेक यांच्या भाषाकुळातले?

नीत्शे स्वतः आपले पूर्वज पोलिश उमराव असल्याचे सांगत. डॅनिश समीक्षक गेओर्ग ब्रान्डेस यांना एप्रिल १८८८ मध्ये लिहिलेल्या पत्रात ते अभिमानाने कळवतात की परदेशात लोक आपल्याला पोलिश समजतात, आणि नीस शहरातील परदेशी पाहुण्यांच्या यादीत त्या हिवाळ्यात आपली नोंदही पोलिश म्हणूनच झाली होती. पाहुण्यांच्या यादीतली नोंद म्हणजे वंशावळीचा पुरावा नव्हे, हे नीत्शे यांच्यासारख्या भाषाशास्त्राच्या माजी प्राध्यापकाला सांगावे लागू नये. पुढे त्यांच्या आईच्या माहेरचे, वाइमारच्या नीत्शे अभिलेखागारात काम करणारे माक्स ओलर यांनी पूर्वजांचा शोध घेतला, तेव्हा सापडलेली नावे जर्मन निघाली. आजोबा आयलेनबुर्गला चर्चचे अधिकारी होते, वडील र्‍योकेन या खेड्यात पाद्री होते, आणि या साऱ्यात पोलंड कुठेच नाही. म्हणून माझे मत असे की हे आडनाव जर्मनच मानावे आणि पोलिश उमरावांची कथा घरगुती दंतकथा म्हणून बाजूला ठेवावी.

कोरांटी:

दंतकथेबद्दल आपण म्हणता ते मान्य, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. पोलिश नाही म्हणजे जर्मन, हा फार घाईचा हिशेब झाला. नीत्शे यांचे घर ज्या भागात होते त्या, पूर्व जर्मनीतल्या झाले (Saale) आणि एल्बे या नद्यांमधल्या मुलुखात जर्मन वसाहतकार बाराव्या-तेराव्या शतकांत मोठ्या संख्येने येण्यापूर्वी काही शतके स्लाव्ह लोक राहत होते, आणि त्यांचेच वंशज असलेले सोर्ब आजही लाउझित्स भागात आपली भाषा बोलतात. ड्रेस्डेन हे नाव स्लाव्ह, केम्नित्स हे नाव स्लाव्ह, आणि त्याच भागातल्या कामेन्त्स गावी जन्मलेले नाटककार लेसिंग यांचे आडनावही 'रानात राहणारा' या अर्थाच्या स्लाव्ह शब्दावरून आलेले मानले जाते. अशा प्रदेशात निकोलाउसचे लघुरूप 'च'काराने संपत असेल, तर तो 'च' आला कुठून? पश्चिमेकडे याच निकोलाउसचे क्लाउस आणि क्लास झाले, दुसरीकडे निकेल झाले, पण हा 'च' तिथे सहसा ऐकू येत नाही. नीत्शे यांनी पत्ता चुकीचा सांगितला असेल, दिशा मात्र अगदीच चुकीची नव्हती.

रुकार:

'च'बद्दलचा प्रश्न चांगला आहे, परंतु त्याचे उत्तर माझ्या बाजूचे आहे. सॅक्सनीत फ्रिट्झशे हे आडनाव भरपूर आढळते आणि ते फ्रीडरिशपासून आले आहे; डिट्झश हे डीट्रिशपासून. ही दोन्ही मूळ नावे अस्सल जर्मानिक आहेत. तेव्हा हा प्रत्यय त्या भागातल्या जर्मन बोलणाऱ्यांच्या तोंडी इतका रुळला होता की आपल्या पोराला हाक मारताना कोणी तो परका म्हणून वेगळा काढत नव्हता. प्रत्यय स्लाव्ह वळणाचा असला म्हणून तो वापरणारा माणूस स्लाव्ह ठरत नाही. मराठीत फारसीतून आलेले कितीतरी प्रत्यय आहेत, त्यांच्यावरून कोणाचा वंश ठरवायला निघालो तर पंचाईत होईल.

कोरांटी:

माणसाच्या वंशाबद्दल मी काहीच म्हटलेले नाही, मी नावाबद्दल बोलते आहे, आणि धाग्याचे शीर्षकही नावाबद्दलच आहे. फ्रिट्झशेचे उदाहरण देऊन आपण माझेच म्हणणे भक्कम केलेत. स्लाव्ह शेजाऱ्यांची लकब जर्मन नावांनाही लागली, म्हणजे त्या शेजाराचा ठसा किती खोल होता ते दिसते. अशा नावाला 'निव्वळ जर्मन' ही पाटी लावणे मला पटत नाही.

जुना वाचक:

आपण दोघेही 'दुर्मीळ' हा शब्द तपासल्याविना पुढे गेलात, म्हणून थोडे विषयाला धरूनच लिहितो. दुर्मीळ आहे ते स्पेलिंग, नाव नव्हे. निट्शे, निट्झशे, निट्श्के अशी त्याची भावंडे सॅक्सनी आणि सायलेशिया (आज बहुतांश पोलंडमध्ये) या भागांतली चांगली परिचित आडनावे आहेत. नागरी नोंदणी प्रशियात १८७४ च्या ऑक्टोबरपासून आणि सगळ्या जर्मन साम्राज्यात १८७६ च्या जानेवारीपासून सुरू झाली. त्याआधी नाव चर्चच्या वहीत जात असे, आणि ते पाद्रीबुवांच्या कानाला जसे ऐकू येई तसे लिहिले जाई. एकाच घराण्यातले दोन भाऊ दोन वेगवेगळ्या स्पेलिंगांनी नोंदले जाणे त्या काळी नवलाचे नव्हते. नोंदणी कचेरीच्या शाईने जे गोठले ते पुढे कायम झाले, आणि एखादे रूप थोड्याच घरांत गोठले तर आज आपण त्याला दुर्मीळ म्हणतो. १९४५ नंतर सायलेशियातून जर्मन लोकांना घरेदारे सोडावी लागली, तेव्हा यातली काही नावे त्यांच्याबरोबर पश्चिम जर्मनीतही पोहोचली.

आणखी एक गंमत सांगण्याजोगी आहे. फुटबॉलपटू मिरोस्लाव क्लोजे यांचा जन्म पोलंडमधल्या ओपोलेचा, म्हणजे जुन्या सायलेशियातला, आणि क्लोजे हे आडनावही निकोलाउसचेच सायलेशियन लघुरूप आहे. आडनावापुरते बोलायचे तर तत्त्वज्ञ आणि गोलंदाज (गोल करणारा, चेंडू टाकणारा नव्हे) एकाच संताच्या पदरी आहेत.

धुके:

मूळ लेखात अर्थाचा विचार राहून गेला आहे. ग्रीक निकोलाओस म्हणजे 'विजय' अधिक 'लोक'. तेव्हा नीत्शे या आडनावाचा अर्थ 'लोकांचा विजय' असा घेता येईल का? आणि पोलिश व चेक भाषांत 'निच'शी जुळणाऱ्या 'निट्स' या शब्दाचा अर्थ 'काही नाही' असा होतो. शून्यवादावर इतके लिहिणाऱ्या माणसाचे आडनाव 'काही नाही'वरून आले असेल, तर तो योगायोग विलक्षण म्हणावा लागेल.

जुना वाचक:

विलक्षण आहे, पण खरा नाही. ध्वनी जुळला की व्युत्पत्ती झाली, असे होत नसते. 'लोकांचा विजय' हा अर्थ ग्रीक नावात होता, परंतु तेराव्या शतकातल्या एखाद्या सॅक्सन कुंभाराने मुलाचे नाव निकोलाउस ठेवले ते संताच्या नावाखातर, ग्रीक धातूंचा विचार करून नव्हे. हाक मारता मारता त्याचे लघुरूप झाले, आणि त्या लघुरूपाचे आडनाव होईपर्यंत त्याचा अर्थ एवढाच उरला होता की हा त्या निकोलाउसच्या घरचा. याच नावाचे निकेल हे रूप एर्त्सगेबिर्गे डोंगरांतल्या खाणकामगारांनी खोडकर भुतालाही दिले. तांब्यासारखे दिसणारे, पण तांबे न देणारे खनिज त्यांना सापडे, तेव्हा हा निकेलचाच खोडसाळपणा असे ते म्हणत. १७५१ मध्ये स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ क्रोनस्टेट यांनी तशा एका खनिजातून नवा धातू वेगळा केला आणि त्यालाही तेच नाव चिकटले. ख्रिस्ती धर्मावर तुटून पडलेल्या लेखकाच्या आडनावात एक ख्रिस्ती संत बसला आहे, हा योगायोग मात्र खराखुरा आहे, आणि मला तो 'काही नाही'पेक्षा अधिक आवडतो.

रुकार:

जुना वाचक यांचा स्पेलिंगचा मुद्दा मी विनातक्रार स्वीकारतो. 'दुर्मीळ नाव' म्हणण्याऐवजी 'दुर्मीळ लेखन' म्हणायला हवे होते. कोरांटी यांना अर्धेच देतो: नावाची घडण सीमेवरची आहे, पण ते घडले ते जर्मन बोलणाऱ्यांच्या तोंडी. त्यामुळे शीर्षकातला 'की' मी तसाच ठेवतो.

कोरांटी:

अर्धे घेतले. राहिलेल्या अर्ध्यासाठी एवढेच नोंदवते की या विशिष्ट घरातले हे दुर्मीळ लेखन पुढे नेले ते एका स्त्रीने. धाकटा भाऊ १८५० मध्ये दोन वर्षांचाही न होता गेला आणि फ्रीडरिश अविवाहित राहिले. बहीण एलिझाबेथ लग्नाने फ्योर्स्टर झाली होती. पतीच्या मृत्यूनंतर तिने माहेरचे आडनाव जोडून घेतले आणि फ्योर्स्टर-नीत्शे या नावाने भावाचे कागद, अभिलेखागार आणि कीर्ती, सगळेच ताब्यात ठेवले. तिलाही मूल नव्हते.