शेजारच्या आजींनी लेकाला जुन्या हॉकी कार्डांचा खोका दिलाय, पुढे काय करू?

मनवा_मिसिसागा:
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. आमच्या शेजारच्या आजी घर विकून लेकीकडे कॅलगरीला चालल्यात, तळघर आवरताना त्यांना बुटांचा एक जुना खोका सापडला आणि तो त्यांनी सरळ माझ्या लेकाच्या हातात दिला. आत त्यांच्या मुलाची लहानपणची, आइस हॉकीच्या खेळाडूंची कार्डं आहेत, पाचशे तरी असतील, गठ्ठे करून रबरबँडनं बांधलेली. काही रबर पार वाळून कार्डाला चिकटलेत. माझा मुलगा १० वर्षांचा, हॉकीचं भयंकर वेड, शरद ऋतूत टिम हॉर्टन्स कॉफीशॉपमध्ये कार्डांची पाकिटं मिळतात ती जमवतो, पण एवढी जुनी कार्डं त्यानं कधी पाहिलेली नाहीत. दोन दिवस झाले, जेवायलासुद्धा खोका मांडीवर घेऊन बसतो.
दोन गोष्टी विचारायच्यात. एक, ही कार्डं नीट ठेवायची कशी. आणि दुसरी जास्त महत्त्वाची, यात खरंच काही किमती निघालं तर? आजींनी मायेनं दिलंय, त्यांना त्यातलं काही कळत नाही, आणि मला फुकटचं घबाड नकोय. आधी कळलं तर त्यांना सांगता येईल.

आनंद_एडमंटन:
मनवाताई, आधी त्या रबरांना हात लावू नका म्हणावं लेकाला. ओढलं की रबराबरोबर छपाईचा थर निघून येतो. जिथे सुटं आहे तिथे कात्रीनं कापा, चिकटलेलं तसंच राहू द्या, आणि हात धुऊन कोरडे करूनच कार्ड धरा, तेही कडेला.
मग वर्षवार लावा. कार्डाच्या मागे नंबर असतो, खेळाडूचे आकडे कुठल्या सीझनपर्यंतचे आहेत ते बघितलं की वर्ष कळतं. यात निळ्या बॉर्डरची कार्डं दिसतायत का ते सांगा. १९७९-८० चा ओ-पी-ची कंपनीचा सेट निळ्या बॉर्डरचा, एकूण ३९६ कार्डं, आणि त्यातलं १८ नंबरचं म्हणजे पुढे हॉकीचा बादशहा झालेल्या वेन ग्रेट्झकीचं रुकी, म्हणजे पहिलं कार्ड. आमच्या एडमंटनचा, ऑयलर्स संघाच्या जर्सीतला, १८ वर्षांचा पोरगा. अमेरिकेत टॉप्स कंपनीनं त्याच डिझाइनचा सेट काढला होता पण तो २६४ कार्डांचाच, तिथेही ग्रेट्झकी १८ नंबरलाच. ओळखायची सोपी खूण म्हणजे ओ-पी-चीच्या मागचा मजकूर इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हीत असतो. ही कंपनी तुमच्याच ऑन्टारियोतल्या लंडनची, मूळची च्युइंगगमवाली. कार्डं तारेनं कापायचे म्हणून कडा खरबरीत, ते बघून खराब माल समजू नका, जुन्या ओ-पी-चीची तीच ओळख आहे.
निळी बॉर्डर मात्र फार नाजूक, जरा घासली की पांढरं दिसतं. म्हणूनच अगदी कोरं राहिलेलं कार्ड मिळत नाही. कार्डं तपासून ग्रेड देणाऱ्या पीएसए कंपनीकडून १० पैकी १० मिळालेलं ओ-पी-ची ग्रेट्झकी २०२१ मध्ये ३७ लाख ५० हजार अमेरिकन डॉलरला गेलं. २०२४ मध्ये सस्कॅचवानमधल्या एका घरात त्याच वर्षाच्या १६ बॉक्सची न फोडलेली अख्खी पेटी सापडली, तीही ३७ लाख २० हजारांना विकली गेली. पण ही टोकाची उदाहरणं आहेत, रबरबँड लावून शाळेत नेलेल्या कार्डाशी त्यांची तुलना करू नका. आणि गठ्ठ्यात १९९०-९१ ची अप्पर डेक, स्कोअर, प्रो सेट असतील तर ती निवांत लेकाला खेळायला द्या. त्या वर्षी या नव्या कंपन्या हॉकीत उतरल्या आणि इतकं छापलं की आजही न फोडलेले बॉक्स कवडीमोलानं मिळतात.

सुषमा_कोथरूड:
मला आइस हॉकीतलं ओ की ठो कळत नाही पण वाचून लहानपण आठवलं. आम्ही बिग फन बबलगममधली क्रिकेटची कार्डं अशीच जमवायचो, कोणावर किती रन्स ते बघून अदलाबदल, एकाच खेळाडूचं डबल आलं की दिवस खराब. मनवा, ती कार्डं त्या मुलानं कशी लावली होती, कशावर काय लिहिलंय, ते लेकाला आधी बघू दे आणि त्याचे फोटो काढून ठेव. नवीन क्रम लावलास की ते गेलंच.

विनय_स्कारबरो:
सुषमाताईंचं पटलं. त्यात एक भर घालतो, चेकलिस्ट कार्ड शोधा. प्रत्येक सेटमध्ये नुसत्या नावांची यादी असलेली दोन-तीन कार्डं असतात, नावापुढे चौकोन, पोरं मिळालेल्या कार्डावर पेनानं टिक करायची. बाजारात टिक न केलेल्या चेकलिस्टला जास्त भाव, पण मला टिक केलेलीच आवडते कारण त्या मुलाकडे काय होतं आणि काय नव्हतं ते त्यात कळतं. खोडायला जाऊ नका हं, खोडलेलं भिंगाखाली लगेच कळतं.
ठेवायला पातळ प्लॅस्टिकची पेनी स्लीव्ह, चांगल्या कार्डाला त्यावर कडक टॉपलोडर, बाकी नऊ खणांची पानं असलेला बाइंडर. पानं पीव्हीसीविरहित लिहिलेलीच घ्या, स्वस्तातली पानं काही वर्षांत कार्डाला चिकटतात, माझी ४० कार्डं अशी गेली. तळघरात ठेवू नका, ओल धरते.
ग्रेडिंगला सरसकट पाठवायची अजिबात गरज नाही, एका कार्डाची फी कितीतरी कार्डांच्या किमतीपेक्षा जास्त होते. ग्रेट्झकी निघाला तर मात्र पाठवा, कारण त्याची नकली कार्डं ढिगानं फिरतात. मी स्वतः एकदा ऑनलाइन एका विक्रेत्याकडून घेतलं आणि फसलो, भिंगातून बघितलं तर अक्षरंसुद्धा ठिपक्या-ठिपक्यांची, म्हणजे स्कॅन करून छापलेलं. खऱ्या कार्डावर अक्षरं सलग शाईची असतात. खात्री करायची तर टोरांटो विमानतळाजवळ इंटरनॅशनल सेंटरला कार्डांचा एक्स्पो भरतो स्प्रिंग आणि फॉलमध्ये, तिथले जुने लोक हातात घेऊन सांगतात.

मनवा_मिसिसागा:
सगळ्यांचे खूप आभार. काल आम्ही दोघं चार तास जमिनीवर बसलो होतो. निळ्या बॉर्डरची २११ कार्डं निघाली, मागे फ्रेंच आहे म्हणजे ओ-पी-ची! आणि चेकलिस्ट सापडली, निळ्या पेनानं टिका. १८ नंबरपुढे टिक आहे, आणि कार्ड नाही. लेकानं खोका तीनदा उलटा केला.
गॉर्डी हाव मात्र आहे, हार्टफर्ड संघाचा, १७५ नंबर, मधोमध रबराचा वळ उमटलाय.

आनंद_एडमंटन:
अहो तो हाव जपा! ५१ व्या वर्षी खेळत होता तो, शेवटचा सीझन. ग्रेट्झकी लहानपणापासून ज्याला देव मानायचा त्याचं शेवटचं आणि ग्रेट्झकीचं पहिलं कार्ड एकाच सेटमध्ये आहे, म्हणून तर मला हा सेट इतका आवडतो. रबराच्या वळामुळे किंमत फारशी उरत नाही, पण लेकाला ही गोष्ट सांगा. आणि १८ चं काय झालं ते त्या मुलाला विचारा की, आजींकडे नंबर असेलच.

मनवा_मिसिसागा:
केला फोन! आता व्हँकूवरला असतो, पन्नाशी उलटलेला माणूस. त्याला लख्ख आठवतंय, शाळेच्या मैदानात, बर्फात, त्यानं ग्रेट्झकी देऊन मॉन्ट्रियल कॅनेडियन्स संघाचा गी लाफ्लर घेतला. म्हणाला, मी कॅनेडियन्सवाला, मला लाफ्लरच हवा होता, आणि आजही मी तेच केलं असतं. हा लाफ्लर खोक्यात आहे, चारही कोपरे गोल झालेले, मागे पेन्सिलीनं त्याचं नाव. मी म्हटलं हा तरी परत पाठवते, तर म्हणाला नको, फक्त फोटो पाठवा आणि बाकी सगळं पोराला द्या.
विनय, पानं मागवलीत. लेकाला लाफ्लर पहिल्या खणात हवाय, नंबरप्रमाणे नाही. चालेल ना तसं?

विनय_स्कारबरो:
चालेल काय, तसंच लावा. आणि शेजारचा १८ चा खण रिकामा ठेवा.