गेन्सबरोचं अँड्र्यूज दांपत्य: चित्र की सातबारा?

गिरगावकर:
रविवारी दादरला आमच्या चित्रवाचनाच्या गटात इंग्रज चित्रकार थॉमस गेन्सबरोचं 'मिस्टर अँड मिसेस अँड्र्यूज' पडद्यावर लावलं होतं. साधारण 1750 सालचं, आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. सगळे मिसेस अँड्र्यूजच्या निळ्या झग्यावर आणि आभाळावर खूश. मला तो जमीनदाराने रंगवून घेतलेला सातबारा वाटतो. जोडपं डाव्या कडेला आणि अर्ध्याहून जास्त कॅनव्हास शेताला! पेंढ्या बांधलेल्या, पिकाच्या ओळी सरळ, लांब कुंपणाआड मेंढरं. पण कापणी करणारा एक तरी माणूस दिसतो का? नवऱ्याच्या, म्हणजे रॉबर्टच्या काखेतली बंदूकही नुसती शोभेची नाही. 1671 च्या कायद्याने तिथे शिकारीचा हक्क मुख्यतः जमिनीच्या उत्पन्नावर ठरायचा. साध्या मजुराने ससा मारला तर गुन्हा.

जेजेची_माजी:
अजिबात पटलं नाही. गेन्सबरो तेव्हा विशीतला, या शेताजवळच्याच सडबरी गावचा. पुढे मित्राला पत्रात लिहितो की पोर्ट्रेट करून वीट आलाय, खेड्यात जाऊन निसर्गचित्रं काढावीत. पोटासाठी माणसं रंगवणाऱ्याने इथे संधी साधली, गिऱ्हाइकाला कडेला सरकवलं आणि आपलं रान रंगवलं. ते करडे ढग पुन्हा बघा. जमीन मोजायला आलेला माणूस असे ढग काढत नाही.

गिरगावकर:
ढग सुंदरच आहेत. पण पैसे कोणाचे? रान गेन्सबरोचं लाडकं असेल, मालकी अँड्र्यूजची होती.

पार्लेकरीण:
तुम्ही दोघंही फ्रान्सिसला, म्हणजे मिसेस अँड्र्यूजला विसरलात. 1748 मध्ये लग्न झालं तेव्हा ती सोळा वर्षांची. बाकावर ताठ बसलीय आणि मांडीवर चक्क कोरा कॅनव्हास! तिथे नवऱ्याने मारलेला पक्षी येणार होता असं काही जण म्हणतात, काही म्हणतात बाळ. बंदूक पुरी, कुत्रा पुरा, शेत पुरं. अपुरी राहिली ती हीच.

जेजेची_माजी:
अपुरं राहण्यात एवढा अर्थ का शोधायचा? चित्र 1960 पर्यंत घराण्यातच होतं. नुसता रुबाब दाखवायचा असता तर ती जागा त्यांनी दुसऱ्या कुणाकडून भरून घेतली असती.

पार्लेकरीण:
मी तेच म्हणतेय. पिढ्यान्‌पिढ्या तिची मांडी कोरी राहिली आणि ते कुणालाच एवढं खटकलं नाही. बंदूक अर्धवट राहिली असती तर गेन्सबरोला परत बोलावलं असतं, याबद्दल मला शंका नाही.